खामगावची चांदी आणि गळ्यातली साखळी

जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा. तरीही १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. कारण होतं कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. मुंबईहून निघालेला रेल्वेचा मुख्य मार्ग मलकापूर, शेगावकडून पुढे गेला आणि खामगावची बाजारपेठ त्याला जोडून घेण्यासाठी हा छोटा फाटा टाकला गेला. गाठी गेल्या, त्यांच्या बदल्यात चांदीचे रुपये आले. त्या रुपयांचं पुढे काय झालं हे समजलं, तर आपल्या गळ्यातल्या साखळीचा निम्मा इतिहास समजतो.

तेव्हाचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो पैसा होता आणि कच्चा मालही होता. वेचणी झाली, सरकी-रुई विकली, देणी भागली, की उरलेले रुपये सोनाराच्या मुशीत जात. दागिन्याचं वजन रुपयांतच मोजलं जाई, घडणावळ वेगळी. बँक जवळ नव्हती, मातीच्या घराची भिंत फोडायला चोराला वेळ लागत नसे. घरधनिणीच्या अंगावरची चांदी मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राही, लग्नात मिरवता येई आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी गहाण टाकता येई. खामगावला आज सगळा महाराष्ट्र रजतनगरी म्हणून ओळखतो, तिथल्या चांदीच्या शुद्धतेवर भरवसा ठेवून लांबून गिऱ्हाईक येतं. कापसाचा बाजार आणि चांदीचा बाजार एकाच गावात नांदले, हा मला योगायोग वाटत नाही. वर्षातून एकदाच पैसा हाती येणाऱ्या मुलखात तो पैसा धातूच्या रूपात ठेवणारा माणूस बाजाराच्या जवळच लागतो.

पण त्या काळी वऱ्हाडातल्या बाईच्या गळ्यात साखळी फारशी नव्हती. गळ्यात असायची सरी, म्हणजे चांदीचं भरीव, वाकवलेलं कडं. लहान लेकराला हासळी. त्याखाली काळ्या मण्यांची पोत, मधे डोरलं, परिस्थिती बरी असेल तर सोन्याचे मणी, एकदाणी, बोरमाळ, पुतळ्याची माळ. यातलं बहुतेक सगळं एक तर भरीव असे किंवा धाग्यात ओवलेलं. साखळी होती ती पायात आणि कमरेला: साखळ्या, तोरड्या, पैंजण, कमरपट्टा, पोराच्या कमरेचा करगोटा. सोनं कमरेखाली घालायचं नाही हा रिवाज, म्हणून ही सगळी चांदीची. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या कोरकू बायका आणि बुलढाणा जिल्हाभरच्या तांड्यांतल्या बंजारा बायका यांच्या जुन्या दागिन्यांतही जोर होता तो वजनदार चांदीवरच.

गळ्यात भरीव सरी का आणि साखळी का नाही, याचं उत्तर एका साध्या हिशेबात मिळतं. चांदीची घनता एका घनसेंटिमीटरला सुमारे साडेदहा ग्रॅम. सहा मिलिमीटर जाडीची, चाळीस सेंटिमीटर घेराची भरीव सरी घडवायची तर सुमारे ११८ ग्रॅम, म्हणजे दहा तोळे चांदी लागते. आता तेवढ्याच लांबीची साधी गोल कड्यांची साखळी घ्या. एक मिलिमीटर जाडीची तार, आतून तीन मिलिमीटरची कडी. अशा १३३ कड्या लागतील, तार सुमारे एक मीटर अडुसष्ट सेंटिमीटर आणि चांदी चौदा ग्रॅमच्या आत, म्हणजे सव्वा तोळाही नाही. गळा तेवढाच भरतो, धातू मात्र आठव्या हिश्श्याहूनही कमी. ज्याला अंगावर साठवण करायची आहे तो सरीच घेणार. ज्याच्याकडे धातू थोडा आहे, पण गळा सुना ठेवायचा नाही, तो साखळीकडे वळणार. जगभर साखळीची फॅशन जेव्हा जेव्हा पसरली, तेव्हा तिच्यामागे धातूची काटकसर कुठे ना कुठे होतीच, असं माझं मत आहे.

या हिशेबातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १३३ कड्या म्हणजे १३३ सांधे. सरीला सांधा नाही. साखळी मात्र सांध्यांचीच बनलेली असते आणि प्रत्येक सांध्याला झाळ लागते. झाळ म्हणजे मूळ धातूपेक्षा कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून तिची झाळ चांदीत पितळ किंवा जस्त मिसळून करतात. सोन्याच्या झाळीत तांबं, चांदी येते. झाळ हिणकस असणारच, नाहीतर कडी वितळेल आणि सांधा तसाच राहील. म्हणून एकाच सोनाराने एकाच लगडीतून बांगडी आणि साखळी घडवली, तरी आटवल्यावर साखळीची घट जास्त निघते. यात सोनाराची लबाडी असेलच असं नाही. पण लबाडी करायची असेल तर साखळीइतकी सोयीची जागा दुसरी नाही, हेही खरं.

हाताने साखळी कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. मुशीत धातू आटवून त्याची कांब ओततात. ती ऐरणीवर ठोकून लांबवायची, मधूनमधून तापवून नरम करायची, कारण ठोकताना धातू ताठर होत जातो आणि तसाच ठोकत राहिलं तर चिरतो. मग जंतर, म्हणजे उतरत्या मापाच्या भोकांची पोलादी पट्टी. तारेचं टोक निमुळतं करून मोठ्या भोकातून घालायचं, सांडशीने ओढायचं, मग त्याहून लहान भोकातून, पुन्हा त्याहून लहान. हवी तेवढी बारीक झाली की ती सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि एका बाजूने कापायची. एका कापात कड्यांची रास पडते. प्रत्येक कडी आधीच्या कडीत अडकवायची, तोंडं जुळवायची, सवागी म्हणजे टाकणखार लावायचा, झाळीचा कण ठेवायचा आणि फुंकणीने ज्योत बरोबर त्या ठिकाणी न्यायची. टाकणखाराचं काम धातूवर काळपट थर धरू न देण्याचं. थर धरला तर झाळ पसरतच नाही. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर शेजारची झाळलेली कडीही उकलते. चिमटा, ज्योत आणि नजर यांचा हा मेळ १३३ वेळा जमावा लागतो.

गोफाची रीत याहून जुनी आणि माझ्या मते याहून सुंदर. तिच्यात प्रत्येक कडी आधीच जोडून बंद करतात, मग दाबून लांबट करतात आणि मधे दुमडतात. दुमडलेल्या कडीची दोन टोकं वर येतात, त्या दोन्हींतून पुढची कडी घालायची, ती दुमडायची, आणि असंच पुढे. आधीच्या एका कडीऐवजी दोन कड्यांतून घातलं की वीण घट्ट होते. एकाच ठिकाणाहून दोन-तीन दिशांना कड्या काढल्या की गोल, भरगच्च दोर तयार होतो. शेवटी तो लाकडी पट्टीच्या भोकांतून ओढला की सगळीकडे सारखा होतो. हातात धरला तर कापडासारखा लवतो, आणि सांधे विणीच्या आत दडून जातात. इराकमधल्या उर इथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत, याच रीतीच्या सोन्याच्या साखळ्या मिळाल्या. लिओनार्ड वूली यांनी १९२२ पासून बारा वर्षं तिथे उत्खनन केलं. आपल्या उपखंडात तक्षशिलेला सिरकपच्या उत्खननात सापडलेल्या दागिन्यांतही सोन्याच्या विणलेल्या साखळ्या आहेत. लग्नात नवरदेवाला गोफ घालताना आपण किती जुनी वीण गळ्यात घालतो आहोत, याची आठवण सहसा कुणाला नसते.

आपल्या बाजूला दगडातला आणि भिंतीवरचा पुरावा वेगळी गोष्ट सांगतो. बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलं आहे, त्याच रांगेतल्या लेण्यांत पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी पाहा: गळ्यात मोती, जानव्यासारखी खांद्यावरून आलेली सरही मोत्यांची. धाग्यात ओवलेल्या दागिन्यांचंच ते जग आहे. पण सोनारांची पत मात्र तेव्हाही मोठी होती. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलं आहे की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. ख्रिस्तपूर्व काळातला हा कारागीर दागिने घडवता घडवता दगडही घडवत होता आणि आपलं नाव लिहून गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यानंतरच्या किती सोनारांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

एकाचं ठाऊक आहे, आणि त्याची कथा साखळीभोवतीच फिरते. पंढरपूरचे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही असा नेम. एका सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा करायला दिला. माप आणलं, करगोटा घडवला, तर तो आखूड झाला. वाढवला तर सैल. शेवटी नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून माप घ्यायला गेले, आणि हाताला विठ्ठलाऐवजी शिव लागला. भक्तीची गोष्ट आहेच, पण सोनारकीतलं एक सत्यही तिच्यात पक्कं बसलं आहे: साखळीची लांबी अंगावरच ठरते, आणि लांबी कमी-जास्त करायची तर कड्या काढून किंवा घालून पुन्हा झाळावं लागतं.

युरोपात साखळीला मान मिळाला तो पुरुषांच्या खांद्यावर. हान्स होल्बाइनने १५२७ मध्ये रंगवलेल्या टॉमस मोरच्या चित्रात दरबाराच्या सेवेची खूण असलेली सोन्याची जाड साखळी आहे. स्पॅनिश व्यापारी तर साखळीचा उपयोग अंगावरच्या रोकडीसारखा करत असं अभ्यासक मानतात: गरज पडली की कडी तोडायची आणि तोलून द्यायची. १६२२ साली फ्लोरिडाजवळ बुडालेल्या ‘आतोचा’ जहाजाच्या अवशेषांतून अशा साखळ्या वर आल्या. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे लगेच पटलं असतं. पुढे इंग्लंडात खिशातल्या घड्याळाची साखळी आली, राणी व्हिक्टोरियाच्या पतीच्या नावावरून तिला ‘अल्बर्ट’ म्हणू लागले. आपल्याकडे वकील-मामलेदारांच्या कोटावर ती दिसू लागली. विसाव्या शतकात कोको शनेलने साखळ्यांचे पदर बायकांच्या साध्या कपड्यांवर आणले आणि १९५५ मध्ये बॅगेलाही साखळीचा बंद लावला. १९८० च्या आसपास न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांनी जाड सोनसाखळी ही आपली खूण केली. रॅपर कर्टिस ब्लोच्या १९८० मधल्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर उघड्या छातीवर साखळ्याच आहेत. आपल्याकडे त्याच दशकात बप्पी लाहिरींच्या गळ्यातल्या साखळ्यांनी गावोगावच्या तरुणांना भुरळ घातली. पहिली दोन बटणं उघडी, आत चेन, चेनला लॉकेट. शेगाव जवळ असल्याने आमच्या भागात त्या लॉकेटवर बहुधा गजानन महाराज असत, आजही असतात.

बायकांच्या गळ्यात साखळी यायला मात्र सरकार आणि बाजारभाव कारण झाले. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे दागिना आणि नाणं यांची किंमत जवळजवळ सारखी राही. त्या वर्षी ही मुभा बंद झाली, रुपयाची किंमत टिकली आणि चांदीची उतरत गेली. पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. ज्यांनी रुपये आटवून सरी, तोडे केले होते त्यांना मोडीत घातलेल्या रुपयांइतकी किंमतही मिळाली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबाला बसलेला हा धक्का होता. १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला आणि सोन्याचा भाव चढला. कापसाचे भाव तेव्हा मंदीने कोसळलेले, कर्ज डोक्यावर. देशभरच्या खेड्यांतून सोनं निघून मुंबईमार्गे परदेशी गेलं. चंद्रहार, पुतळ्याची माळ असे भारी डाग किती घरांतून त्या काळात गेले असतील!

चंद्रहाराचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण मराठी बाईच्या गळ्यातल्या परंपरागत दागिन्यांत खरीखुरी साखळी म्हणावी असा तो एक. चपट्या सोन्याच्या कड्या एकमेकींत गुंतवून केलेले लांब पदर. वाड्यातला दागिना तो, शेतातल्या बाईचा नव्हे.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि सोनार समाजावर अक्षरशः उपासमारीची पाळी आली, आत्महत्या झाल्या. कॅरटची अट काही वर्षांत उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. त्या सत्तावीस वर्षांत किती मुलं बापाच्या बागेसरीपासून, म्हणजे सोनाराच्या शेगडीपासून, उठून दुसऱ्या कामाला लागली, हे कुठल्या अहवालात सापडणार नाही. हातची वीण जी तुटली ती इथे.

आणि नेमकं त्यानंतर यंत्र आलं. जर्मनी, इटलीत साखळी विणणारी यंत्रं आधीपासून होती. रिळावरची तार आत जाते, कडी वळते, आधीच्या कडीत अडकते, कापली जाते, आणि मिनिटाला शेकडो कड्या बाहेर पडतात. झाळ तारेच्या पोटातच भरलेली असते किंवा भुकटीच्या रूपात लावून साखळी भट्टीतून काढतात. सराफाच्या ट्रेमध्ये बॉक्स, रोप, स्नेक, फिगारो, सिंगापुरी अशी नावं दिसतात ती याच यंत्रांची भाषा. पोकळ साखळी तर आणखी अजब: हलक्या धातूच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवून साखळी करायची आणि मग गाभा तेजाबात विरघळवून टाकायचा. दिसायला तीन तोळे, वजनाला एक. सोन्याचा भाव जसा चढत गेला तसं काळ्या मण्यांच्या धाग्याच्या जागी सोन्याची तार आली, पोतीच्या जागी चेनचं मंगळसूत्र आलं आणि धाग्यात दागिने गुंफून देणाऱ्या पटवेकऱ्यांचं काम आटत गेलं.

यंत्राबरोबर ‘केडीएम’ हा शब्दही घराघरांत पोहोचला. तो कॅडमियमच्या झाळीसाठी. सोन्याच्या ९२ भागांत ८ भाग कॅडमियम घातलं की झाळीतही सोनं जवळजवळ बावीस कॅरटचं राहतं, म्हणजे साखळी आटवल्यावर घट कमी. गिऱ्हाईक खूश. पण कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं, झाळताना त्याची वाफ होते आणि ती फुंकणारा कारागीर श्वासाबरोबर आत घेतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करणारा हा धातू आहे. दुकानाच्या पाटीवर जे शुद्धतेचं बिरुद म्हणून मिरवलं गेलं, त्याची किंमत मागच्या खोलीतल्या माणसाने मोजली. ‘केडीएम’ विचारू नका, हॉलमार्क विचारा. सोन्यासाठी हॉलमार्क २००० साली सुरू झाला, चांदीसाठी २००५ मध्ये. २०२१ पासून सोन्यावर तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि त्यासोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक आला. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मोबाइल ॲपमध्ये तो टाकून दागिना खरा की खोटा ते कुणालाही तपासता येतं. साखळीवर ही खूण बहुधा फाशाजवळच्या छोट्या पट्टीवर असते, भिंग मागून घ्यावं.

साखळी हलकी झाली तशी ती ओढायलाही सोपी झाली. मोटरसायकलवरून येऊन गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावणं हा गुन्हा इतका वाढला, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०४ व्या कलमात हिसकावून चोरी करण्याला स्वतंत्र गुन्हा ठरवलं गेलं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सरी कुणी अशी ओढून नेली नसती.

जुनी भरीव साखळी घरात असेल तर मोडण्याआधी एकदा उजेडात नेऊन पाहा. कड्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे त्या आतून झिजलेल्या दिसतील, फाशाला लागून असलेल्या पहिल्या दोन-चार कड्या सगळ्यात जास्त, कारण ओढ तिथे बसते. भरीव साखळीतली झिजलेली कडी काढून नवी झाळता येते आणि ती पुढे वर्षानुवर्षं चालते. पोकळ साखळी झिजली की तिला भोक पडतं. ज्योत लावली तर पातळ पत्रा बसतो, म्हणून ती सहसा दुरुस्त होत नाही, मोडीतच जाते. घेताना घडणावळीचा दर विचारतो तसं हेही विचारावं: भरीव आहे की पोकळ, आणि तुटली तर झाळून देणार का. खामगावसारख्या बाजारात हाताने झाळणारे कारागीर आहेत तोवर या प्रश्नाला उत्तर मिळेल.